गासडीच्या कागदावरचं शहर

दुकानात कापडाची नवी गासडी आली की घरातली सगळी माणसं पुढच्या खोलीत गोळा व्हायची. आधी वरचं तरट सुटायचं. त्याच्या आत डांबराचा काळा कागद असायचा आणि त्याच्याही आत जाड खाकी कागद, सतरंजीएवढा मोठा, कोपऱ्यात गिरणीचा निळा शिक्का मारलेला. मग ताके दिसायचे. कुणी मांजरपाटाचा पोत चोळून बघायचं, कुणी छिटाचे रंग. मी दाराआड उभी राहून त्या खाकी कागदाची वाट बघायची. फळ्यांवर अंथरायला, गिऱ्हाइकाचा माल बांधायला, कणगीवर झाकायला त्याचे तुकडे व्हायचे. त्यातून उरेल तो मी उचलायची.

हे बिदरमधलं. हैदराबाद संस्थानाचे दिवस होते. माझं माहेर औरादच्या बाजूला, एका लहानशा गावात. तिथली घरं मातीची, धाब्याची, एकमेकांना इतकी चिकटलेली की एकाचं घर कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ते पाऊलवाटेवरून कळत नसे. लग्न होऊन बैलगाडी बिदरच्या वेशीतून आत शिरली आणि मी पहिल्यांदा रस्ता बघितला. म्हणजे दोन्ही अंगांना घरं उभी आहेत, खाली दुकानं, वर लाकडी सज्जे, कमानीच्या खिडक्या, लाल दगडाच्या पायऱ्या, आणि समोर, रस्ते मिळतात तिथं, चौबाऱ्याचा गोल बुरूज. मी पदर मागं सारून बघत राहिले.

गाडीत माझ्या बाजूला नवऱ्याची थोरली बहीण बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. ऐन तिशीत नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती आणि घर तिच्याच हुकमानं चालायचं.

“डोळे खाली घाल गं,” ती कुजबुजली. “नवी नवरी हाईस.”

मी घातले नाहीत. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं नाही, ते त्या दिवशी.

आमची दोन्ही घरं लिंगायत. घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात चालायची, दुकानावर दखनी. सासरे, म्हणजे अप्पा, सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते दिवेलागणीला उठायचे. माझे यजमान गावोगावच्या बाजारांना माल घेऊन जायचे; भालकी, खटकचिंचोळी, औराद. घरात आम्ही दोघीच बायका. दुपारी वाळवण राखायला धाब्यावर जायचं काम माझ्याकडं आलं आणि तिथंच मला माझं शहर सापडलं.

आमच्या धाब्यावरून मदरशाचा मिनार दिसायचा. त्याच्यावरच्या निळ्या-हिरव्या फरश्या काही पडल्या होत्या, काही अजून होत्या, आणि दुपारच्या उन्हात त्या उरलेल्या फरश्या ओल्या असल्यासारख्या चमकायच्या. त्याच्या अलीकडं धाब्यांची गर्दी, पन्हाळी, गच्च्यांच्या कठड्यांवरची नक्षी. माहेरी सणाला भिंतीवर गेरूनं चित्रं काढायचा मला नाद होता. इथं भिंती अक्काच्या होत्या. मग मी खाकी कागद मांडीवर घेतला आणि चुलीतून आणलेल्या कोळशानं समोरच्या घराची एक खिडकी काढली.

चुलीचा कोळसा फार ठिसूळ. एका रेघेत तीन ठिकाणी तुटायचा. एकदा तुराट्या, तुरीच्या वाळक्या काटक्या, पेटवलेल्या होत्या, त्यातली एक अर्धी जळून विझली होती. ती हातात घेतली तर लेखणीसारखी चालली. त्यानंतर मी तुराट्या मडक्यात घालून, तोंड लिंपून, निखाऱ्यांवर ठेवायला लागले. त्यांचा काळा रंग मऊ आणि गडद यायचा. मिनाराच्या फरश्यांसाठी धुण्याची नीळ वापरली, दगडासाठी अंगणातली लाल माती डिंकाच्या पाण्यात कालवली. कागदाचा खाकी रंग होताच. उन्हात तापलेल्या भिंतीचा रंग तोच, तो वेगळा भरावा लागला नाही.

अक्कानं मला एके दिवशी धाब्यावर पकडलं. मिरच्यांवर कावळे बसले होते आणि माझं लक्ष नव्हतं. ती जिना चढून आली, कावळे हाकलले आणि माझ्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. मला वाटलं, आता चुलीत जाणार.

“ह्ये समोरच्या तंबाखूवाल्याचं घर न्हाई का?” ती म्हणाली.

“व्हय.”

“आन् ही वरची खिडकी बंद कामून काढलीस? ती तर उघडीच असती.”

“आज बंद आहे, बघा की.”

तिनं मान वळवून बघितलं. खिडकी खरंच बंद होती. ती खुदकन हसली. तिला हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती मिरच्या राखायला माझ्यासोबत वर यायला लागली. ती कावळे हाकलायची, मी चित्र काढायची. मधूनमधून ती एखाद्या घराकडं बोट दाखवून त्या घरातल्या माणसांची हकीकत सांगायची, आणि ते घर मग मला काढावंसं वाटायचं.

चित्रं साठत गेली. ती मी माझ्या पेटीखाली ठेवत असे. पण एकदा दुकानात कागद कमी पडला आणि गुमास्त्यानं आतून हाताला लागले तेवढे कागद उचलून नेले. त्यातल्या एका कागदात बिदरीची भांडी घडवणाऱ्या एका कारागिराचा ईदचा कपडा बांधला गेला. तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कागद हातात घेऊन दुकानाच्या ओट्यावर हजर.

मी आतून ऐकत होते. तो अप्पांना म्हणाला, “शेठजी, ये मेरा घर है. मेरे घर का फोटू तुमारे कागज पे किसने उतारा?”

अप्पांनी कागद घेतला. उलटा-सुलटा केला. गिरणीचा शिक्का बघितला, म्हणजे कागद आपलाच. चित्र बघितलं, म्हणजे घर त्याचंच. त्यांनी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं. जाताना तो कागद मागून घेऊन गेला. घरात लावणार म्हणाला.

दुपारी अप्पा जेवायला बसले. मी ताट वाढलं. हात धुतल्यावर त्यांनी अक्काला विचारलं, “कोण काढलं त्ये?”

“हिनं.”

“दुकानाच्या कागदावर?”

“व्हय. आन् अजून लई हाईत. बघायचेत का?”

अक्कानं माझ्या पेटीखालचा उरलेला सगळा गठ्ठा आणून त्यांच्यासमोर पसरला. मी चुलीपाशी उभी. अप्पा एकेक कागद सारत गेले. चौबारा. मदरशाचा मिनार. तंबाखूवाल्याचं घर. वेशीची कमान. सगळे कागद संपल्यावर त्यांनी मान वर केली.

“चाळीस वर्सं मी त्या गादीवर बसायलोय,” ते म्हणाले. “माझं दुकान कामून काढलीस न्हाई?”

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडच्या ओट्यावर, अक्काला शेजारी घेऊन, भर दिवसा बसले आणि आमचं दुकान काढलं. येणारे-जाणारे थांबायचे. अप्पा गादीवर ताठ बसून होते. आणि पुढच्या खेपेला गासडी आली तेव्हा हमालानं आकडा घालताच ते ओरडले, “हळू! कागद फाडू नको.” तरटाची शिवण त्यांनी स्वतः उसवली. अख्खा कागद, एकही चीर न पडता, माझ्या हातात दिला.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं आली. कापडावर बंधनं आली, गासड्या कमी झाल्या, आणि पांढरा कागद तर औषधालाही मिळेना. माझं मात्र काही अडलं नाही. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्या, साखरेच्या पोत्याची आतली बाजू, ताक्यांच्या आतले पुठ्ठे. मी कशावरही काढू शकत होते. उलट वस्तू बघूनच मला सुचायचं. खोक्याच्या फळीची रेषा उभी असली तर मिनार, आडवी असली तर कठडे.

त्याच दिवसांत दुकानावर कुणीतरी बातमी आणली की गुलबर्ग्याला नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरणार आहे. शेतीची अवजारं, हातमागाचं कापड, कारागिरीच्या वस्तू, आणि चित्रंही. मध्येच पटकी पसरली आणि नुमाइश पुढं ढकलली गेली. पुन्हा नवी तारीख कळली तेव्हा अप्पा म्हणाले, “मला तसंबी गुलबर्ग्याला माल बघायला जायचंय. चला दोघी.”

आम्ही हुमनाबादवरून मोटारीनं गेलो. पेट्रोल मिळत नसे म्हणून ती मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. मागं भट्टी लावलेली, चढ आला की तिचा दम संपायचा. प्रत्येक चढाला पुरुषांनी उतरायचं आणि ढकलायचं. अप्पाही उतरले, धोतर खोचून ढकलायला लागले. चित्रांची गुंडाळी मी मांडीवर धरून बसले होते, चित्रं काढलेल्या खोक्याच्या फळ्या मधे घालून, ताक्यासारखी गुंडाळून, वर धुतलेलं मांजरपाट बांधून.

नुमाइशीचं मैदान तळ्याच्या बाजूला होतं. कनाती उभ्या राहत होत्या, बांबू ठोकले जात होते. चित्रांच्या मंडपात मोहतमिम, म्हणजे तिथले व्यवस्थापक, शेरवानी घालून टेबलाशी बसले होते. माणूस सभ्य होता. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. अप्पांनी गुंडाळी उलगडली. मोहतमिमांनी पहिला कागद नीट बघितला, दुसराही. मग कोपऱ्यातल्या निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

“काम अच्छा है,” ते म्हणाले. “मगर ये तो गासडी का कागज है.”

“आपल्याच दुकानचा हाय,” अप्पा अभिमानानं म्हणाले.

मोहतमिमांनी मान हलवली. मोडक्या मराठीत ते समजावून सांगायला लागले. उद्घाटनाला मोठे तालुकदार साहेब, अख्ख्या जिल्ह्याचे अधिकारी, येणार. पोत्यावर, खोक्यावर, गिरणीच्या शिक्क्यावर काढलेली चित्रं भिंतीवर लावली तर त्यांना काय उत्तर देणार? चित्राला चांगला पांढरा कागद पाहिजे. शिवाय बायकांच्या विभागात भरतकाम असतं, फुलं-पानं असतात. घरंदारं कुणी आणत नाही.

अक्कानं खुर्ची मागं सारली. ती उठली. “साहेब, तुमी कागद बघायलाव का चित्र बघायलाव?”

“दोनो, अम्मा,” ते नम्रपणे म्हणाले. “दोनो बघावं लागतं.”

आम्ही बाहेर आलो. अप्पा आम्हाला कागदवाल्याच्या दुकानात घेऊन गेले. पांढरा कागद म्हटल्यावर तो हसला. “लढाई संपू द्या,” म्हणाला, “मग या.” दुसऱ्या दुकानात तेच. आम्ही परत मैदानाकडं आलो. तिथंच अप्पांचे ओळखीचे एक व्यापारी भेटणार होते आणि त्यांच्याकडं आमचा मुक्काम होता.

कनातीमागं एक शिपाई बसून कंदिलाच्या काचा पुसत होता. पुसायला त्याच्या हातात पांढरा कागद होता. त्याच्या बाजूला त्याच कागदांचा कमरेएवढा ढीग. अक्कानं एक कागद उचलला. पुढच्या बाजूला मोठ्या उर्दू अक्षरांत नुमाइशीची जाहिरात छापलेली. मागची बाजू कोरी. पांढरीशुभ्र.

“ह्ये काय?” तिनं विचारलं.

शिपाई म्हणाला, जुनी तारीख आहे. नुमाइश पुढं ढकलली म्हणून सगळे वाया गेले. आता पुसायला आणि जाळायला.

अक्का माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं. तिनं शिपायाला काही विचारलं नाही. एक कागद घेऊन ती थेट आत, मोहतमिमांच्या टेबलापाशी गेली. मी मागं धावले.

“साहेब, ह्ये टाकायचे हाईत का?”

“हौ, अम्मा. ले जाओ.”

“कागद चांगला हाय का हो ह्यो?”

“बढिया कागज है,” ते म्हणाले. “खास हैदराबादहून छापून आणला होता.”

“बरं,” अक्का म्हणाली आणि बाहेर आली. तोंडावर पदर धरून ती इतकी हसत होती की तिला चालता येईना. ढिगातले कागद मग मीच उचलून घेतले.

उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं. बिदरची चित्रं नव्यानं काढायची तर समोर बिदर नव्हतं, आणि मला आठवणीतून काढायची सवय नव्हती. समोर जे असेल तेच मी काढायची. आणि समोर होता गुलबर्ग्याचा कमानींचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकाला एक लागून कमानी, प्रत्येक कमानीत एक दुकान, वर नक्षीचे कळस. त्या दिवशी मोटारीतून उतरून येताना मी तो बघितला होता आणि तेव्हापासून तो डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथं गेलो, पण बायकांनी भर बाजारात बसायचं कुठं? ते एका बांगडीवालीनं सोडवलं. तिच्या दुकानाच्या ओट्यावर बायका बसलेल्याच असायच्या, त्यात आम्ही दोघी. तिला सगळे खाला म्हणत. तिनं आधी आमच्या हातांकडं बघितलं, मग कोळशाकडं. “बैठो, बैठो,” म्हणाली आणि काचेच्या बांगड्यांची चवड बाजूला सरकवली.

मी काढायला लागले. समोरच्या कमानी चांगल्या आल्या. पण जशी नजर लांब जायला लागली तशा कमानी लहान होत गेल्या, आणि शेवटच्या तर नखाएवढ्या. तोवर मागं माणसं जमली होती. त्यातला एक अत्तरवाला वाकून बघत होता.

“माझं दुकान कुठाय?”

मी नखाएवढ्या कमानीवर बोट ठेवलं. तो इतका हिरमुसला की मला हात पुढं चालवावेना.

मी तो कागद बाजूला ठेवला. बाजार असा एका जागी बसून दिसत नाही, हे तेव्हा मला कळलं. बाजार चालत बघायचा असतो. मी अक्काला म्हटलं, आपण एकेक ओटा पुढं सरकत जाऊ. खालाच्या ओट्यावर समोरच्या चार-पाच कमानी काढल्या, एका कागदावर. मग उठून पुढच्या ओट्यावर. तिथून समोरच्या कमानी, दुसऱ्या कागदावर. मग त्याच्या पुढं. प्रत्येक कमान पूर्ण मोठी, तिच्या आतल्या दुकानासकट. मसालेवाल्याची पोती, टोपीवाल्याच्या टोप्या, तांबटाच्या घागरी. आम्ही जिथं बसू तिथं आधी कुणी बस्कर टाकायचं, कुणी पाणी आणून द्यायचं. समोरच्या दुकानदारांना आपली पाळी कधी येते ते कळायचं. पाळी आली की ते टोपी सारखी करायचे. एका मिठाईवाल्यानं मला हात करून थांबवलं. त्याच्या दुकानाचा पडदा फाटला होता. त्यानं सुई-दोरा मागवला, तिथंच उभ्या उभ्या पडदा शिवला आणि मग ओरडला, “अब निकालो!”

अत्तरवाल्याचं दुकान सगळ्यात शेवटी आलं. तोवर ऊन कलायला लागलं होतं आणि त्याच्या कमानीवर तिरकी सावली पडली होती. तीही काढली. त्यानं एक कुपी उघडली. माझ्या आणि अक्काच्या मनगटाला त्यानं अत्तराची काडी लावली.

कागद जोडायचं काम अप्पांनी केलं. कापडाच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस. खळ कशी शिजवायची आणि काठाला काठ कसा जुळवायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्यापाऱ्याच्या ओसरीवर कागद ओळीनं मांडून त्यांनी एकेक सांधा असा बसवला की हात फिरवल्याशिवाय कळू नये. मी तोवर रंग भरले. वाळल्यावर सगळा बाजार त्यांनी ताक्यासारखा फळीवर गुंडाळला आणि आम्ही मैदानाकडं निघालो. वाटेत कमानींच्या बाजारातून जावं लागत होतं. खालानं विचारलं, “हुआ?” मी मान हलवली. तिनं दुकानावर बहिणीला बसवलं आणि ती आमच्यासोबत निघाली. मग मिठाईवाला निघाला, मग टोपीवाला. मंडपात पोचेपर्यंत आमच्या मागं मिरवणूक झाली होती.

मोहतमिम टेबलापासून उठून उभे राहिले. त्यांना काय झालंय ते कळेना.

अप्पा पुढं झाले. त्यांनी फळी हातात घेतली, समोर अंथरलेल्या जाजमाच्या कडेला उभे राहिले, आणि दुकानात गिऱ्हाइकापुढं ताका टाकावा तशी एका झटक्यात फळी पुढं सोडली. कमानीमागून कमान उलगडत गेली. पोती, टोप्या, घागरी, शिवलेला पडदा. जाजम संपलं तरी बाजार संपेना. पुढची माणसं मागं सरकली, अजून सरकली. शेवटी अत्तरवाल्याची तिरकी सावली उलगडली आणि फळी थांबली.

माणसं वाकून आपापली कमान शोधायला लागली. मग टोपीवाला ओरडला, “वो देखो मैं!” आणि सगळे एकदम बोलायला लागले.

मोहतमिम चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. परत गेले. मग खाली बसून त्यांनी कागदाची कड हळूच उलटली. मागं त्यांचीच उर्दू अक्षरं होती, त्यांचीच चुकलेली तारीख.

“ये तो हमारेच इश्तिहार हैं!”

“तुमीच म्हणलाव,” अक्का म्हणाली, “बढिया कागज है.”

ते तसेच जाजमावर बसले आणि पोट धरून हसले. शेरवानीची बटणं तुटतील असं हसले. मग उठून त्यांनी माणसांना हाका मारल्या. बायकांच्या विभागात एवढी लांब भिंत नव्हती. मधल्या मोठ्या मंडपात, जिथं हातमागाचे गालिचे लावायचं ठरलं होतं, तिथली एक पूर्ण बाजू त्यांनी मोकळी करवली. चित्र लागल्यावर ते समोरच्या रिकाम्या बाजूकडं बघत उभे राहिले. मग अप्पांकडं वळले.

“शेठजी, ते गासडीचे कागद परत नेले तर नाही ना?”

“आता मागायलाव व्हय?” अक्का म्हणाली. पण गुंडाळी तिच्या काखेतच होती.

असं माझं बिदर गुलबर्ग्याच्या समोर लागलं. खाकी कागदावरचा चौबारा, नीळ लावलेला मिनार, खोक्याच्या फळीवरची वेस, कोपऱ्यात गिरणीचे शिक्के जसेच्या तसे. तालुकदार साहेब आले, दोन्हीकडं बघत बराच वेळ थांबले आणि शिक्क्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी कमानींच्या बाजारातली अर्धी दुकानं बंद व्हायची, कारण दुकानदार स्वतःची दुकानं बघायला नुमाइशीत आलेले असायचे. आपल्या पाहुण्यांना, बायकांना, आयांना घेऊन यायचे. अक्का चित्राशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि येईल त्याला सांगायची की हे कोणत्या ओट्यावरून काढलं आणि तेव्हा कोण काय म्हणालं. दोनच दिवसांत तिला त्या बाजारातली सगळी माणसं, त्यांची लेकरंबाळं आणि भांडणं माहीत झाली होती.

पहिलं पदक मला मिळालं. बायकांच्या विभागात चित्रांसाठी वेगळं पदक केलेलंच नव्हतं, म्हणून भरतकामाचं होतं ते दिलं. त्याच्यावर उर्दूत ‘भरतकाम’ असंच कोरलेलं आहे. मोहतमिम ओशाळून म्हणाले, बदलून देतो. मी म्हटलं, नको. मला टाका घालता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते पदक बघून अक्का पुढं कित्येक वर्षं हसत राहिली.

कमानींच्या बाजाराचं चित्र आम्ही बाजाराला देऊन आलो. सगळ्या दुकानदारांनी मिळून मागितलं होतं. ते पाळीपाळीनं एकेकाच्या दुकानात लागायचं, असं पुढं गुलबर्ग्याहून येणारे व्यापारी सांगायचे.

बिदरला परतल्यावर बातमी आमच्या आधी पोचलेली होती. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई घरी आल्या. ओट्यावर बसून त्यांनी अप्पांना विचारलं, सूनबाई आठवड्यातून एकदा मुलींना चित्रकला शिकवतील का? शाळेत कागद नाही, हेही सांगून टाकलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. “जायलीस का?”

“जाते.”

पहिल्या दिवशी मी मुलींना सांगितलं होतं, घरात जे टाकायला निघालंय ते आणा. त्या काय काय घेऊन आल्या! औषधाच्या पुड्यांचे कागद, लग्नपत्रिका, तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, जुन्या पंचांगाची पुठ्ठ्याची पाठ, एकीनं तर फुटलेल्या माठाचा मोठा तुकडा आणला. वर्गात बसून काढण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना बाहेर नेलं. चौबाऱ्याच्या अलीकडं, सावलीच्या बाजूनं, घरांच्या ओट्यांवर त्या ओळीनं बसल्या, मांड्यांवर आपापला तुकडा घेऊन, आणि समोरच्या घरांकडं डोळे वर करून बघायला लागल्या. एक गाडीवान बैल हाकत आला. मुलींच्या समोर गाडी आली तेव्हा त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग त्या बघत होत्या त्या घरांकडं, जीभ चावली, आणि त्यांना घरं दिसावीत म्हणून गाडी भराभर पुढं काढली.